दीडशब्दी बाईंच्या चिठ्ठ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज शाळेच्या वाचनालयाला कुलूप दिसलं. नवंकोरं, मुठीएवढं. दारावर कागद चिकटवलेला : ‘वाचनालय बंद. प्रवेश नाही.’ खाली मुख्याध्यापिकेची सही. का बंद, कधीपर्यंत बंद, काही नाही. माणूस गेला तरी लोक निदान कशानं गेला एवढं सांगतात!

त्या खोलीत मी उभा जन्म कविता शिकवली. भाषेचा तास लागला की वर्ग उठवून तिकडे न्यायचो. कविता बाकावर बसून ऐकायची नसते, खिडकीशी ऐकायची असते. पूर्वेच्या खिडकीतून एक फांदी आत डोकावायची आणि मी म्हणायचो, “हिची हजेरी मांडा रे, ही आपल्या वर्गातली सगळ्यात नियमित विद्यार्थिनी.” पोरं हसायची. दरवर्षी पोरं नवी, त्यामुळे विनोद कधी जुना झाला नाही.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. आता जातो ते मुलांच्या वर्तमानपत्रासाठी. महिन्याला चार पानं. मुलं लिहितात, मी सल्लागार. मुख्याध्यापिका या वर्षीच आल्या. गणिताच्या. बोलणं इतकं मोजकं की पोरांनी नाव ठेवलंय ‘दीडशब्दी’. त्या आल्यापासून मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. त्यांनीही कधी बोलावलं नाही. म्हणजे ‘भेटा’ अशा चिठ्ठ्या दोनदा आल्या, पण त्याला काय बोलावणं म्हणायचं?

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पेनात शाई भरून बसलो आणि दीडशब्दींना पत्र लिहिलं. तीन पानं. पहिल्यावर घरटं हरवलेल्या पाखराचं रूपक, दुसऱ्यावर विझलेल्या दिव्याचं, तिसऱ्यावर दोन्हींची सांगड. उतरलं छान. शिपायाच्या हाती धाडलं.

मधल्या सुट्टीत उत्तर आलं. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा :

‘पत्र मिळालं. प्रश्न कोणता?’

तळपायाची आग मस्तकाला गेली. प्रश्न कोणता! मी काय उत्तरपत्रिका पाठवली होती, प्रश्नक्रमांक लिहायला विसरलो म्हणून?

घरी येऊन पत्राची कच्ची प्रत हिच्यापुढे टाकली. ही टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली. लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देण्यात हिची हयात गेली, त्यामुळे बोलण्याच्या बाबतीत हिला प्रत्येक गोष्टीत मत. चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाली, “पाखरू गोड आहे. पण अहो, यात विचारलंय काय?”

“सगळंच विचारलंय.”

“कुठल्या ओळीत?”

मी चहा न घेता उठलो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अंकाची बैठक. हल्ली आम्ही हस्तकलेच्या खोलीत बसतो, डिंकाच्या वासात.

संपादक नववीतली मुलगी आहे. तिचं नाव ‘कात्री’. माझ्या अग्रलेखातली विशेषणं कापते म्हणून मीच ठेवलं आणि आता अख्खी शाळा वापरते. व्यंगचित्रं काढतो तो ‘खोडरबर’, काढतो त्याच्या दुप्पट खोडतो म्हणून.

खोडरबरनं खबर आणली. काल टेम्पोतून पन्नासेक गुबगुबीत खुर्च्या उतरल्या. शिवाय परवा टेप घेतलेला एक गृहस्थ वाचनालयात मापं घेत होता, आणि मागच्या व्हरांड्यात लोखंडी खांबांची चळत येऊन पडलीय. मी म्हटलं, झालं तर मग! वाचनालय मोडून बाईंना सभागृह हवंय. पुस्तकांच्या जागी खुर्च्या. गणितच ते, याच्या जागी ते मांडायचं.

“मथळा द्या,” मी म्हणालो, “‘पुस्तकं बाहेर, खुर्च्या आत?’ शेवटी प्रश्नचिन्ह. म्हणजे आरोपही नाही.”

कात्री पेन्सिल चावत होती. “सर, आपण बाईंना विचारूया ना. मी जाते.”

“मुळीच नाही. प्रशासन आणि तुम्ही, यांच्या मधली भिंत म्हणजे मी. तिकडचा मारा माझ्यावर येऊ दे. सल्लागार असतो कशाला?”

“पण सर, भिंत असली की पलीकडचं दिसत नाही.”

या वयात उपमा सुचते, पण कुठे वापरावी ते कळत नाही. तिला तसं सांगितलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज वाचनालयात गेलो. पुढच्या दाराला कुलूप असेल त्यांचं. नकाशांच्या खोलीतून आत उघडणाऱ्या मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे अजून आहे. निवृत्त होताना कोणी मागितली नाही, मी दिली नाही.

काय सांगू! सगळं जिथल्या तिथे. मधलं लांब टेबल, माझी खुर्ची, खिडकीतली फांदी. मधल्या टेबलावर पांढरी चुरचुरीत नक्षी पसरलेली, जणू वरून कोणी फुलं उधळलीत. बसल्या बसल्या अजून चार पाकळ्या माझ्या कोटावर पडल्या. वर पाहिलं तर छतही मधोमध थोडं वाकलंय, माझ्यासारखंच. एकमेकांचं वय पाहून दोघंही ओशाळलो. कवितांच्या कपाटाचं दार काही केल्या उघडेना, चौकटीत घट्ट आवळून बसलंय. रागावलं असेल. मीही रागावलोय, बाबा, त्याला म्हटलं.

तास-दीड तास बसलो. दोन ओळीही सुचल्या :

पानापानांतून उडून गेला पाखरांचा थवा,
कुलूप लावून कुणी कोंडली इथली सगळी हवा?

पहिल्या पानावर चौकटीत जातील. चष्म्याचं घर टेबलावरच विसरलो.

घरी हिनं कोट झटकला. “हा चुना कुठून आणलात?”

“पाकळ्या आहेत.”

“पाकळ्यांनी खोकला येत नाही,” म्हणाली आणि खोकत खिडकी उघडली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

संस्थेच्या कार्यवाहांना फोन केला. हे आमच्या शाळेचे खरे मालक म्हणायचे. कशालाही ‘बघूया’ म्हणतात, म्हणून शिक्षकांत ‘बघूया साहेब’. पण रसिक! माझ्या निरोपसमारंभात माझी कविता ऐकून यांनी डोळे पुसले होते. बाईंची तक्रार केली. हळहळले.

“सर, तुमचं वाचनालय! बघूया हं, बघूया.”

मी म्हटलं, “शुक्रवारी मुलांना घेऊन तिथेच बसणार आहे. निषेध म्हणून कविता वाचणार. किल्ली आहे माझ्याकडे.”

“वा! काव्यवाचन! अवश्य करा. तुमच्या हक्काची जागा आहे ती, तुम्हाला कोण अडवणार?”

याला म्हणतात माणूस. एक शब्द मागावा आणि त्यानं दहा द्यावेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

अंक उद्या छापखान्यात जायचा, म्हणून आज प्रूफ दीडशब्दींकडे पाठवलं. माझी पद्धतच आहे : सगळं पक्कं झाल्यावर, आदल्या दिवशी. आधी दाखवलं की लोक बोटं घालतात.

शेवटच्या तासाला चिठ्ठी :

‘बातमी अपुरी. छापू नका. मुलांना पाठवा.’

फळ्यावर ती तशीच उतरवून काढली आणि म्हटलं, मुलांनो, आज हिचं रसग्रहण करू. कवितेत न लिहिलेलं वाचायला मी तुम्हाला शिकवलंय ना? बघा. ‘बातमी अपुरी’, म्हणजे तुम्ही अपुरे. ‘छापू नका’, इथे तलवार म्यानातून निघाली. आणि ‘मुलांना पाठवा’! मला नव्हे, मुलांना. म्हातारा घाबरत नाही, तेव्हा कोवळ्यांना खोलीत घेऊन दमात घ्यायचं. तीन वाक्यांत चढत गेलेली धमकी आहे ही. रचना म्हणून दाद द्यायला हवी.

कात्रीनं हात वर केला.

“सर, मला वाटतं ‘मुलांना पाठवा’ म्हणजे मुलांना पाठवा.”

खोडरबर फिसकन हसला. मी डस्टर आपटलं. इतकी वर्षं कविता शिकवून हे ऐकायचं? वरवरचा अर्थ घेणारी माणसं पुढे दीडशब्दी होतात, असं तिला सुनावलं. तिचे डोळे भरले, पण मान खाली घातली नाही.

ठरवलं. अंक एक दिवस थांबवायचा. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मागच्या दारानं आत जायचं, सगळी पोरं लांब टेबलाभोवती, मी माझ्या खुर्चीत. फोटो काढायचा, पहिल्या पानावर टाकायचा. मग छापून दाखवतो, अपुरी आहे की पुरी!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हिच्याशी वाजलं.

“त्या बाईंशी तुम्ही एकदा तरी समोरासमोर बोललात का?”

“तीन पानं लिहिली!”

“ते बोलणं नव्हे. रिसीव्हर उचलून तुम्ही गाणं म्हणालात. पलीकडची बिचारी ‘कोण बोलतंय, कोण बोलतंय’ करतेय.”

“तुला त्यांचा पुळका का?”

“पुळका नाही. अशी माणसं मी रोज जोडायची. दोन्हीकडून ओरडाआरडा, आणि लाइन लागलेलीच नाही.”

मी पान वाढून न घेताच झोपलो. भूक लागली होती. रागात ते कळत नाही, नंतर कळतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रमानं लिहितो.

मधली सुट्टी झाली. किल्ली, कवितांची वही, मागे खोडरबर कॅमेरा घेऊन, त्याच्यामागे बाकीची सातआठ जणं. नकाशांच्या खोलीत शिरलो तर मागच्या दाराला पाठ लावून कात्री उभी. दोन्ही हात पसरून.

“सर, आत कोणी जायचं नाही.”

“बाजूला हो.”

“नाही होणार. मी बाईंकडे जाऊन आलेय.”

कानशिलं तापली. “माझ्या पाठीमागून? तू? मी तुला संपादक केलं!”

“तुम्ही जाऊ दिलं नसतं म्हणून पाठीमागून,” ती म्हणाली. आवाज फुटत होता. “सर, छत पडायला आलंय. आतली तुळई खचलीय. बाईंनी सांगितलं. मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. इतकंच झालं.”

“थाप आहे. मी सोमवारी तिथे बसलो होतो!”

“कुठे बसला होतात?”

हा आवाज मागून आला. दीडशब्दी. उजेडात पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिल्या. चेहरा पांढराफटक. मी छाती काढून म्हटलं, “मधल्या टेबलाशी. माझ्या खुर्चीत. तास-दीड तास.”

त्यांनी हात पुढे केला. “किल्ली.”

का दिली माहीत नाही. त्यांनी मुलांना व्हरांड्याच्या पार टोकाला पिटाळलं, दार फक्त हातभर उघडलं, उंबऱ्याबाहेरूनच आत टॉर्च मारला. मला म्हणाल्या, “बघा. आत नाही. इथूनच.”

टेबलाच्या मधोमध गिलाव्याचा परातीएवढा थर कोसळलेला. टेबलाची फळी मधोमध चिरलेली. माझी खुर्ची एका अंगाला कलंडलेली, मागचा पाय मोडून. आणि त्या ढिगाखालून माझ्या चष्म्याच्या घराचं तपकिरी टोक बाहेर आलेलं.

मुलं लांब उभी होती, आठ की नऊ. ती त्या टेबलाभोवती बसणार होती.

दीडशब्दी बोलू लागल्या. आधी हळू, मग चढत गेल्या. “प्रवेश नाही म्हणजे काय वाटलं तुम्हाला? तिसऱ्यांदा लिहिलं मी ‘भेटा’, ‘भेटा’, ‘मुलांना पाठवा’! तुम्ही पोरांना घेऊन आत बसणार होतात! या छताखाली!” इतके शब्द त्या वर्षभरात बोलल्या नसतील. शेवटी भिंतीला टेकल्या, चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून राहिल्या.

घरी आलो ते राग घेऊनच. फक्त कोणावर, ते घराच्या पायरीपर्यंत ठरेना.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेलो. सोबत कात्री आणि खोडरबर. खोलीत त्या गुबगुबीत खुर्च्यांपैकी एकही नाही. त्या परीक्षेच्या दालनासाठी होत्या म्हणे, आणि तो टेपवाला अन् लोखंडी खांब छताला टेकू द्यायला. बाई स्वतः लाकडी स्टुलावर.

मी म्हटलं, “दारावर कारण का नाही लिहिलंत?”

“मनाई आहे.”

“कुणाची?”

“कार्यवाहांची. पालक घाबरतील म्हणाले. इंजिनियरनं नोव्हेंबरात सांगितलं होतं, छत काढा. पाच वेळा विचारलं. बघूया म्हणतात. शेवटी मीच कुलूप लावलं.”

“मग आम्हाला तरी सांगायचं!”

“सूचना लावायला मनाई आहे. विचारलं तर खोटं सांगायची सक्ती नाही. कोणी विचारलंच नाही.”

“मी विचारलं होतं. लेखी.”

“पाखराचं विचारलं होतंत,” बाई म्हणाल्या.

खोडरबर जोरात हसला आणि तोंड दाबून धरलं. मला हसू आलं नाही. मी तारीख जुळवत होतो. नोव्हेंबर. म्हणजे दहा तारखेला मी फोनवर सांगितलं, मुलांना घेऊन तिथे बसतो, तेव्हा बघूया साहेबांना ठाऊक होतं. छत ठाऊक होतं. आणि तो माणूस म्हणाला, ‘वा! अवश्य करा!’ ऐकलंच नाही त्यानं. माझं एक अक्षर ऐकलं नाही. कदाचित निरोपसमारंभातही ऐकलं नसेल. मग ते डोळे काय पुसत होता? सर्दी झाली होती का त्याला?

हे बाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. 

मग म्हणाल्या, “बातमी छापा. पूर्ण छापा. माझं म्हणणं माझ्या तोंडून घ्या. आणि सर, पुढच्या वेळी विषय ठरतो त्या दिवशी सांगा. छापायच्या आदल्या दिवशी नको. आदल्या दिवशी मला फक्त ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता येतं. आधी आलात तर मदत करता येते.”

कात्रीनं वही उघडून भराभर प्रश्न विचारले. छत कधी तपासलं? कोणी? दुरुस्ती कधी? तोवर पुस्तकं कुठे? बाई उत्तरं देत गेल्या. मध्ये एकदा कात्री म्हणाली, “हे कळलं नाही, परत सांगा.” आणि बाईंनी परत सांगितलं, कागदावर तुळईचं चित्र काढून! मी कोपऱ्यात बसलो होतो. भिंत म्हणून माझं काही काम नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अंकाची पानं लावली. मथळा : ‘वाचनालयाचं छत धोकादायक, दुरुस्ती रखडली’. बातमी लांबली, पान पुरेना. कात्रीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या दोन ओळींची चौकट पहिल्या पानावर होती. मी म्हटलं, काप.

“सर, चौथ्या पानावर घेऊ?”

“अगं काप म्हणतो ना! छत पडतंय आणि पाखरं कसली उडवायची?” ओरडलोच मी. ती दचकली आणि मग गालातल्या गालात हसली. आजकालच्या मुलांचं काही कळत नाही.

प्रूफवर बाईंची चिठ्ठी : ‘अचूक. छापा. सही माझी.’ चार शब्द, आणि त्यातला एक कौतुकाचा! माझ्या सहवासात भाषा सुधारते आहे त्यांची. कार्यवाह त्यांना नोकरीवरून काढू शकतात, असं खोडरबर म्हणाला. ते चिठ्ठीत नव्हतं. मीही यावेळी शोधलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अंक घराघरांत गेला. शाळेच्या फाटकाशी पालकांची गर्दी. मला आता गप्प बसवेना. बघूया साहेबांना पत्र लिहायला बसलो. एक पान झालं, फाडलं. दुसरं झालं, फाडलं. संतापानं पेनची निब वाकली. माणूस नऊ मुलांना मरणाच्या खोलीत पाठवतो आणि ‘वा’ म्हणतो, त्याला कुठलं रूपक द्यायचं? ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, “काय विचारायचंय, तेवढंच विचारा.”

मी विचार केला. मग लिहिलं :

‘छत कधी?’

खाली सही. तसंच पाकिटात घातलं. ही म्हणाली, “अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी फोन. बघूया साहेब. मध घातलेला आवाज.

“सर, तुमचं पत्र मिळालं. दोनच शब्द! मी आपला कालपासून विचार करतोय. तुमच्यासारखा कवी माणूस, काहीतरी खोल असणार. म्हणजे यातून तुम्हाला नेमकं काय सुचवायचंय? नाराजी? की एखादी सूचना? अर्थ काय घ्यायचा आम्ही?”

ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येऊन दारात उभी राहिली.

“छत कधी,” मी म्हटलं, “एवढाच.”

लाइन लागलेली होती, पलीकडचा श्वास ऐकू येत होता. मी ठेवला नाही फोन. अजून कानाशी धरून उभा आहे म्हटलं तरी चालेल. हे डाव्या हातानं लिहितोय.